दोन मोटारी आणि एक मोजपट्टी

मुलांनो, ‘जुने ते सोने’ ही म्हण तुम्हांस ठाऊक आहे. ‘नवी विटी, नवे राज्य’ हेही तुम्ही ऐकले असेल. या दोन म्हणींचे एकमेकींशी पटत नाही. मग त्यांतील खरी कोणती मानावी? गेल्या वैशाखात आमच्या आळीत हाच प्रश्न उभा राहिला, आणि तोही दोन मोटारींवरून.

आमचे गाव वाई. आळीच्या टोकाशी एक जुने चिंचेचे झाड आहे. त्याच्या सावलीत दोन मोटारी शेजारीशेजारी उभ्या असतात. दोन्ही एकाच घरच्या. पहिली आप्पांची, १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी. ती दुधी रंगाची, बसक्या बांध्याची व गोल दिव्यांची आहे. दुसरी आप्पांच्या मुलाची, २०२१ सालची टाटा नेक्सॉन. ती निळी, उंच व रुंद छातीची आहे. पहिलीला सेडान म्हणतात आणि दुसरीला एसयूव्ही. सेडानचे तीन भाग डोळ्यांस वेगळे दिसतात : पुढे यंत्राचा, मध्ये माणसांचा आणि मागे सामानाची डिकी. एसयूव्हीमध्ये माणसे व सामान एकाच उंच छपराखाली असतात.

आप्पांनी तेहेतीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालविली. ती टॅक्सीही पद्मिनीच होती, काळ्या-पिवळ्या रंगाची. तिच्या कमाईवर त्यांनी मुलांची शिक्षणे केली, बहिणीचे लग्न लावले. पुढे मुलाच्या नोकरीमुळे ते वाईस आले, तेव्हा त्यांनी हौसेने ही दुधी पद्मिनी विकत घेतली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य २० वर्षांचे ठरलेले आहे. अखेरची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिसेनाशी झाली. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील बातमी आप्पांनी कापून देवघराशेजारच्या भिंतीवर चिकटविली आहे.

वैशाखात महाडला आप्पांच्या भाचीच्या मुलीचे लग्न होते. महाडजवळच आप्पांचे मूळ गाव. तेथून ते पंधराव्या वर्षी रिकाम्या हाताने मुंबईस गेले होते. आता नातवंडांना आपल्या पद्मिनीत बसवून त्या गावी न्यावे, अशी त्यांची फार इच्छा होती. मुलगा म्हणाला, “आप्पा, पसरणीचा घाट चढायचा, महाबळेश्वरहून आंबेनळी घाट उतरायचा. मुले त्या गाडीत नकोत.” आप्पा एक शब्दही बोलले नाहीत, परंतु त्या रात्री ते जेवलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांची नातवंडे, अनुजा आणि ओंकार, भांडतच माझ्याकडे आली.

“सर, आप्पांचीच गाडी चांगली ना?” अनुजा म्हणाली.

“चांगली कसली? नवी गाडी केवढी मोठी आहे!” ओंकार म्हणाला.

मी निवाडा केला नाही. कपाटातून कापडी मोजपट्टी काढली आणि ती त्यांच्या हाती दिली. “आधी मोजा,” मी म्हणालो, “मग बोला.”

दोघांनी मिळून दोन्ही मोटारी मोजल्या. पद्मिनीची लांबी सुमारे ३.९३ मीटर भरली. ओंकारने मोठ्या उत्साहाने नेक्सॉनला पट्टी लावली. तिची लांबी निघाली ३.९९ मीटर. म्हणजे फरक अवघा ६ सेंटीमीटरांचा, तीन-चार बोटांचा! ओंकारचा आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्याने पुन्हा मोजले. आकडा तोच आला.

मोठी दिसणारी मोटार लांबीने मोठी का नाही? याचे कारण कारखान्यात नव्हे, तर कायद्यात सापडते. २००६ साली केंद्र सरकारने लहान मोटारींवरील उत्पादन-कर कमी केला. लहान मोटार कोणती? जिची लांबी ४ मीटरांपेक्षा अधिक नाही आणि जिचे यंत्र पेट्रोलवर चालत असल्यास १२०० घन सेंटीमीटरांपेक्षा मोठे नाही, ती. कर कमी म्हणजे किंमत कमी. म्हणून कारखानदार अशा मोटारींची लांबी ४ मीटरांच्या आत बसवू लागले. नेक्सॉनचे पेट्रोल यंत्र ११९९ घन सेंटीमीटरांचे आहे, मर्यादेहून केवळ एक कमी. पाहा, कराचा एक नियम मोटारीची आकृती कशी घडवितो!

मग ती मोठी का दिसते? मुलांनी रुंदी व उंची मोजली, तेव्हा उत्तर मिळाले. पद्मिनी सुमारे १.४६ मीटर रुंद, तर नेक्सॉन १.८१ मीटर. पद्मिनीची उंची सुमारे १.४७ मीटर, तर नेक्सॉनची १.६१ मीटर. नवी मोटार आडवी आणि उभी वाढली आहे, लांब झालेली नाही. आमच्या आळीत समोरून बैलगाडी आली, तर पद्मिनी सहज बाजूस सरते. नेक्सॉनला थांबावे लागते. उलट पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडले, की नेक्सॉनचे पोट जमिनीपासून सुमारे २० सेंटीमीटर उंच असल्याने ती निर्धास्त जाते. पद्मिनीला मात्र खड्डा चुकवून जपून जावे लागते.

नंतर आम्ही दोघींची बॉनेटे उघडली. पद्मिनीचे यंत्र १०८९ घन सेंटीमीटरांचे, चार सिलिंडरांचे. नेक्सॉनचे ११९९ घन सेंटीमीटरांचे आणि तीन सिलिंडरांचे. आकारात फरक जेमतेम दहा टक्क्यांचा, परंतु शक्तीत? पद्मिनी सुमारे ४० अश्वशक्तीची आणि नेक्सॉन सुमारे १२० अश्वशक्तीची, म्हणजे तिप्पट!

“हे कसे?” अनुजाने विचारले.

मी तिला लोहाराचा भाता आठवावयास सांगितला. भात्याने वारा घातला, की तेवढ्याच कोळशांचा विस्तव फुलतो. नव्या यंत्रात ‘टर्बो’ नावाचे एक छोटे चक्र असते. यंत्रातून बाहेर पडणारा तप्त धूर वाया न जाता ते चक्र फिरवितो आणि ते चक्र बाहेरची हवा दाबून आत लोटते. अधिक हवा आली म्हणजे अधिक इंधन जळते व अधिक शक्ती निर्माण होते. शिवाय पेट्रोल किती व केव्हा सोडावयाचे, हे नव्या मोटारीत संगणक ठरवितो. पद्मिनीत हेच काम कार्ब्युरेटर नावाचे साधे उपकरण करते. म्हणूनच नव्या मोटारीचा धूर पुष्कळ स्वच्छ असतो. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात ‘भारत स्टेज ६’ हे धुराचे कडक प्रमाण लागू झाले आहे. २०२१ ची मोटार त्या प्रमाणात बसते.

एवढ्यात आप्पा बाहेर आले. आम्ही काय करीत आहोत, हे त्यांनी ओळखले. ते पद्मिनीच्या बॉनेटपाशी उभे राहिले आणि नातवंडांना एकेक भाग दाखवू लागले. हा कार्ब्युरेटर, हा पंखा, हा पट्टा, हे स्पार्क प्लग. “पाना आणि स्क्रूड्रायव्हर हाती असला, म्हणजे मी हिचे बहुतेक दुखणे रस्त्यावरच बरे करतो,” ते म्हणाले. ओंकारने नेक्सॉनच्या बॉनेटखाली पाहिले. तेथे बरेचसे भाग झाकलेले होते. तिच्यातला दोष शोधावयाचा तर पुष्कळदा संगणकच जोडावा लागतो. जुन्या मोटारीची ही थोरवी ओंकारलाही मान्य करावी लागली.

या दोन मोटारींचे कूळही मी मुलांना सांगितले. पद्मिनीचा मूळ आराखडा इटलीतील फियाट कंपनीने १९५३ साली केला. सोलापुरास जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटची ही मोटार तयार होऊ लागली आणि पुढे १९७० नंतरच्या दशकात तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. ज्या काळी मोटार परदेशातून येई, त्या काळी ती येथील कामगारांच्या हातांनी बनू लागली, ही लहान गोष्ट नव्हे. नेक्सॉन २०१७ साली बाजारात आली. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतील कारखान्यात ती बनू लागली. म्हणजे पाहा, दोन पिढ्यांच्या या मोटारींच्या जन्मकथेत फियाट हे नाव दोनदा येते!

आता राहिला मुख्य प्रश्न. या दोहोंपैकी कोणत्या मोटारीतून मुलांनी घाट उतरावा?

मी मुलांना विचारले, “क्रिकेट खेळताना वेगाने आलेला चेंडू झेलता, तेव्हा हात कसे ठेवता?”

“चेंडूबरोबर मागे घेतो. नाहीतर हाताला झिणझिण्या येतात,” ओंकार म्हणाला.

“का?”

त्याला कारण सांगता आले नाही. ते असे आहे. हात मागे घेतल्याने चेंडू थांबावयास थोडा अधिक वेळ लागतो आणि धक्का विभागला जातो. मोटार एखाद्या वस्तूवर आदळते, तेव्हाही हेच तत्त्व लागू पडते. मोटारीचा पुढचा भाग ठरावीक रीतीने चेपला गेला, तर तो धक्का स्वतः सोसतो आणि आतील माणसांपर्यंत कमी पोचू देतो. बेला बारेन्यी या अभियंत्याने ही कल्पना मांडली आणि १९५९ साली ती मर्सिडीजच्या मोटारीत प्रत्यक्षात आली. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टाही १९५९ सालचाच. तो स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने तयार केला. मोटार थांबली तरी आतील माणूस त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतो. त्याला हा पट्टा धरून ठेवतो.

“आता सांगा,” मी म्हणालो, “पद्मिनीचा आराखडा कोणत्या सालचा?”

“१९५३,” अनुजा हळूच म्हणाली.

जे शोध १९५९ साली प्रत्यक्षात आले, ते १९५३ च्या आराखड्यात कोठून असणार? त्यांचा अभाव हा पद्मिनीचा अपराध नव्हे. जुन्या वस्तूला नव्या काळाच्या ज्ञानावरून हिणविणे अन्यायाचे आहे. परंतु मुलांनो, अपराध नाही म्हणून धोकाही नाही, असे मात्र म्हणता येत नाही. १९८४ च्या या पद्मिनीत मागील आसनाला पट्टे नाहीत. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक आहेत आणि ते चालकाच्या पायाच्या बळावरच चालतात.

नेक्सॉनमध्ये सर्व आसनांना पट्टे आहेत. पुढच्या दोन्ही आसनांसमोर हवेच्या पिशव्या आहेत. जोराचा धक्का बसताच त्या क्षणार्धात फुगतात. जोरात ब्रेक दाबला तरी चाके जागच्या जागी अडकून घसरू नयेत, अशी ‘एबीएस’ नावाची योजनाही आहे. चाक अडकले की मोटार वळविता येत नाही, सरळ घसरत जाते. घाटाच्या वळणावर याचा अर्थ काय, हे सांगावयास नको. ‘ग्लोबल एनकॅप’ ही संस्था मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून त्यांची परीक्षा घेते. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला तीत मोठ्या माणसांच्या संरक्षणासाठी ५ पैकी ५ तारे मिळाले. भारतात बनणाऱ्या व भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींमध्ये हा मान मिळविणारी ती पहिली होय.

ओंकार विजयी मुद्रेने बहिणीकडे पाहू लागला. तेव्हा आप्पा प्रथमच त्याला म्हणाले, “थांब बाळ. तुझी गाडी आतल्या माणसाला जपते. बाहेरच्याला कोण जपणार?”

आप्पांचा हा प्रश्न विसरण्याजोगा नव्हता. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम, तर नेक्सॉनचे सव्वा हजार किलोग्रॅमांच्या आसपास. वेग सारखा असता, जड मोटारीचा आघात अधिक मोठा होतो. वेग दुप्पट झाला तर आघाताची शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. बॉनेट उंच असले म्हणजे मोटारीच्या अगदी पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. उंच वस्तू वळणावर कलंडण्याचा संभवही अधिक. उभा ठेवलेला डबा आणि आडवा ठेवलेला डबा हलवून पाहा, म्हणजे हे ध्यानी येईल. हे एका मोटारीचे वैगुण्य नव्हे. उंच व जड अशा प्रत्येक मोटारीस हे लागू आहे. तेव्हा अशा मोटारीच्या चालकाने अधिक सावध राहिले पाहिजे. शक्ती वाढली की जबाबदारीही वाढते.

आप्पा बराच वेळ चिंचेखाली उभे होते. त्यांनी पद्मिनीचे मागचे दार उघडले आणि जेथे नातवंडे बसणार होती, त्या आसनावरून हात फिरविला. मग ते मला म्हणाले, “गुरुजी, या गाडीनं मला पोसलं. तिची माया सुटायची नाही. पण माया वेगळी आणि पोरांचा जीव वेगळा. नव्या गाडीनंच जाऊ.”

हे शब्द उच्चारताना त्यांना किती जड गेले असेल, ते मी जाणतो. आत दाराआड उभा असलेला त्यांचा मुलगाही ते जाणून होता. तो बाहेर आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. “आप्पा,” तो म्हणाला, “गाडी मी चालवीन, पण पुढं माझ्याशेजारी तुम्ही बसा. घाट तुम्हांला ठाऊक आहे.”

निघण्याच्या आदल्या दिवशी पहाटे आप्पांनी पद्मिनी धुतली, पुसली आणि रिकाम्या रस्त्याने सावकाश ढोल्या गणपतीपर्यंत नेऊन आणली. ती अजूनही तशीच जाते. तिची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी होऊन नवी केली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारे नेक्सॉनमध्ये बसले. मागे अनुजा आणि ओंकार यांनी आईसह पट्टे बांधले. मुलाने किल्ली घेतली, तोच आप्पा म्हणाले, “जरा थांब.” ते खाली उतरले. त्यांनी मोटारीभोवती एक पुरी फेरी घातली. चारही चाके पाहिली, वाकून पुढच्या व मागच्या बाजूस कोणी मूल किंवा जनावर नाही ना, याची खात्री केली. तेहेतीस वर्षे रोज सकाळी टॅक्सी काढण्यापूर्वी ते हेच करीत आले होते. मगच ते आत बसले, पट्टा बांधला आणि म्हणाले, “आता चल.”

मोटार वळणाआड गेली. आठवड्याने मंडळी सुखरूप परतली, तेव्हा मी पाहिले की, मोटार काढण्यापूर्वी आप्पांचा मुलगाही आता तशीच फेरी घालतो आणि ओंकार त्याच्या मागोमाग चालतो.

मुलांनो, जुने सारेच सोने नसते आणि नवे सारेच श्रेष्ठ नसते. कोणतीही दोन वस्तू तोलावयाच्या असतील, तर प्रथम त्या मोजाव्या. प्रत्येकीला तिच्या काळाचा न्याय द्यावा. आणि जेथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असेल, तेथे आवडनिवड बाजूस ठेवावी. नवे साधन स्वीकारताना जुन्या माणसांची सावधगिरी मात्र मागे टाकू नये. तिची जागा घेणारे यंत्र अजून झालेले नाही.

अभ्यास

१. पद्मिनी व नेक्सॉन यांच्या लांबी, रुंदी आणि उंचीतील फरक सेंटीमीटरांत काढा. त्यांवरून कोणता निष्कर्ष निघतो?

२. यंत्राच्या आकारात फारसा फरक नसताना नव्या मोटारीची शक्ती तिप्पट कशी झाली? लोहाराच्या भात्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

३. ‘त्यांचा अभाव हा पद्मिनीचा अपराध नव्हे,’ असे लेखक का म्हणतात?

४. ‘बाहेरच्याला कोण जपणार?’ आप्पांच्या या प्रश्नाचे तुम्ही काय उत्तर द्याल? आठ-दहा ओळी लिहा.

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : न्याय देणे, माया सुटणे, हिणविणे, सुखरूप परतणे.

६. तुमच्या घरातील एक जुनी व एक नवी वस्तू निवडा, उदाहरणार्थ जाते व मिक्सर, कंदील व विजेचा दिवा. दोहोंची मोजमापे, उपयोग आणि धोके लिहा. नंतर त्यांची तुलना करा.